चारशे बारा पानांचा व्हीए रिपोर्ट हातात आल्यावर

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. दोनशेच्या आसपास कॉम्प्युटर, नऊ सर्व्हर, शॉपफ्लोअरवर सीएनसी (कॉम्प्युटरनं चालणारी) मशीन, त्यातल्या काहींचे कंट्रोलर अजून जुन्या विंडोज एक्सपीवर. आयटीत माणसं दोन. मोठ्या ग्राहकानं सुरक्षेची प्रश्नावली पाठवली म्हणून बाहेरची एजन्सी बोलावली. तिनं दोन दिवस स्कॅन करून, म्हणजे प्रोग्रॅम लावून सगळी यंत्रणा तपासून, ४१२ पानांचा व्हीए (व्हल्नरेबिलिटी असेसमेंट, त्रुटींचं मूल्यमापन) रिपोर्ट पीडीएफमध्ये दिला: एकूण १,८४६ त्रुटी, त्यातल्या ९७ ‘क्रिटिकल’. एमडी म्हणतात, सहा आठवड्यांत क्रिटिकल शून्य करून दाखवा. रिपोर्ट सगळ्यांना बघता यावा म्हणून कॉमन ड्राइव्हवर ठेवलाय. आता सुरुवात कुठून करू, एक्सपीचं काय करू, आणि लगेच पेन टेस्टही (हल्लेखोरासारखा प्रत्यक्ष शिरण्याचा प्रयत्न करून बघणारी चाचणी) करून घेऊ का?

मी पुण्यात सतरा वर्षं हेच काम करतोय आणि असा रिपोर्ट मी स्वतःही लोकांच्या टेबलावर आदळला आहे, म्हणून आधी एक कबुली. तुमच्या हातात आहे ते मूल्यमापन नाही. ती मोजणी आहे. स्कॅनर वाड्याभोवती फिरून कुठला कोयंडा सैल आहे, कुठल्या खिडकीची काच तडकली आहे हे लिहून आणतो. तिजोरी कुठल्या खोलीत आहे आणि त्या खिडकीतून तिथवर पोचता येतं का, हे त्याला माहीत नसतं. ते ठरवायला घरातलाच माणूस लागतो. म्हणजे तुमचा खरा प्रश्न ‘९७ कशा बंद करू’ हा नाही. बाहेरचा माणूस आमच्याकडे कुठून शिरेल, शिरला तर कुठवर जाईल, आणि त्यानं कंपनीचं काम किती दिवस बंद पडेल, हा आहे.

तुमचं जाळं मी पाहिलेलं नाही. ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे की क्लाउडवर, मशीनवाले बाहेरून रिमोट सपोर्ट देतात का, ग्राहकासाठी एखादं पोर्टल उघडं आहे का, यावर पुढचा क्रम बदलू शकतो. तुमच्या आकाराच्या कारखान्यांत मला वारंवार जे दिसलं, त्यावरून सांगतो.

पहिलं काम: एजन्सीकडून पीडीएफऐवजी सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) किंवा एक्सेल मागा. आणि एक साधा प्रश्न विचारा, स्कॅन लॉगिन देऊन केलं की न देता? नेसस या स्कॅनरचा रिपोर्ट असेल तर १९५०६ क्रमांकाची नोंद उघडा, तिथे ‘क्रेडेन्शियल्ड चेक्स’ (लॉगिन देऊन केलेली तपासणी) यापुढे हो किंवा नाही लिहिलेलं असतं. नाही असेल, तर स्कॅनरनं फक्त बाहेरून दार ठोठावून आतून आलेल्या आवाजावर अंदाज बांधला आहे. अशा स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंनी फसगत होते. मशीनच्या आत कुठला पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) नाही, कुठलं जुनं जावा पडून आहे, हे त्याला दिसतच नाही. उलट जे नाही ते दिसतं. लिनक्स सर्व्हर असतील तर हे हमखास होतं. रेड हॅट किंवा उबुंटूवाले सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात, त्यामुळे ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमचा आवृत्ती-क्रमांक जुनाच दिसतो आणि स्कॅनर बोंब मारतो. त्या पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या त्रुटीचा ओळख-क्रमांक) शोधा. सापडला तर ती नोंद पुराव्यासकट ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणजे चुकीच्या इशाऱ्यांत टाका. एका कंपनीत आठ क्रिटिकल मी एका दुपारी अशाच उडवल्या होत्या, एकही पॅच न मारता. तिथल्या आयटीवाल्याला मी जादूगार वाटलो. तुम्ही मला तसं समजू नका, चेंजलॉग वाचायला फक्त कंटाळा येतो.

सीएसव्ही आली की ‘सिव्हिरिटी’नं (गांभीर्यानं) नाही, ‘सोल्यूशन’ (उपाय) या कॉलमनं क्रम लावा. हे एवढं केलंत तरी डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल. विंडोजचे महिन्याचे अपडेट एकत्रित असतात, या महिन्याचा घातला की मागच्या सगळ्या महिन्यांचे त्यात आले. एका मशीनवरच्या चाळीस नोंदी म्हणजे बहुतेक वेळा एक अपडेट आणि एक रीस्टार्ट. क्रोम, पीडीएफ रीडर, सेव्हन-झिप यांचंही तसंच. तुमच्या १,८४६ नोंदी मुळात तीस-चाळीस कामांत बसतील असा माझा अंदाज आहे. एमडींना आकडा सांगायचाच असेल तर कामांचा सांगा.

आता क्रम. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण रिपोर्टमध्ये लाल रंग आधीच भरलेला असतो. तो रंग सीव्हीएसएसच्या गुणांवरून येतो. शून्य ते दहाची मोजपट्टी, ९.० पासून पुढे क्रिटिकल, ७.० ते ८.९ हाय. ही पट्टी त्रुटी स्वतः किती वाईट आहे ते सांगते, ती तुमच्याकडे कुठे आहे हे तिला ठाऊक नाही. २०१४ सालची हार्टब्लीड आठवत असेल. सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्ड आणि खाजगी किल्ल्या बाहेर काढणारी ही त्रुटी त्या वेळच्या मोजपट्टीवर ५.० गुणांची, म्हणजे ‘मध्यम’ होती. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये आतल्या एखाद्या बंद कपाटातल्या प्रिंटरलाही ९.८ मिळालेले असतील. नुसत्या गुणांवर गेलात तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी तीन प्रश्न विचारतो. ही त्रुटी प्रत्यक्षात कोणी वापरतंय का? अमेरिकेची सिसा ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून अशा प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी ठेवते, तिला केईव्ही म्हणतात. फुकट आहे, सीएसव्हीत उतरवता येते, तुमच्या यादीशी एक्सेलच्या व्हीलुकअपनं जुळवून बघा. जिथे जुळलं ते वर घ्या. जोडीला ईपीएसएस नावाचा आकडाही मिळतो, पुढच्या तीस दिवसांत ही त्रुटी वापरली जाण्याची शक्यता किती, याचा. दुसरा प्रश्न, तिथवर पोचायला हल्लेखोराला आधी काय लागेल? थेट इंटरनेटवरून दिसते, की आत आल्यावरच? आणि तिसरा, ती मशीन गेली तर काय थांबेल? तिसऱ्याचं उत्तर आयटीत मिळत नाही. प्रोडक्शन आणि डिस्पॅचच्या माणसांसोबत चहा प्या.

इंटरनेटला लागून असलेलं सगळं पहिल्या आठवड्यात. तुमचे स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचे कायमचे पत्ते) किती आणि त्यांवर कुठली पोर्ट (आत यायची दारं) उघडी आहेत, हे फायरवॉलच्या, म्हणजे वेशीवरच्या राखणदार डब्याच्या, सेटिंगमध्ये वाचून भागत नाही. मोबाइलच्या नेटवरून, म्हणजे बाहेरून, एनमॅप हा उघडी पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम चालवून बघा. पण आधी एमडींची लेखी परवानगी घ्या, मेलवर का होईना. कंपनी तुमची असली तरी आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ ‘परवानगीशिवाय’ या शब्दावर उभं आहे, आणि उद्या नेमकं त्याच दिवशी काही बंद पडलं तर कागद लागतो. तुम्हाला बहुधा हे सापडेल: सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी कोणीतरी कधीतरी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आत सोडणारी वाट), अकाउंट्सवाल्यांना घरून टॅली बघता यावी म्हणून थेट उघडलेला रिमोट डेस्कटॉप, आणि फायरवॉलचं ॲडमिन पान. तिन्ही बंद. ज्याला घरून काम करायचं आहे त्यानं व्हीपीएनमधून (सुरक्षित खाजगी जोडणीतून) यावं, तेही ओटीपीसकट.

आणि खुद्द फायरवॉल. सुरक्षेसाठी आणलेला डबाच कच्चा दुवा निघतो, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. फोर्टिनेट या फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीच्या एसएसएल व्हीपीएनमधली सीव्हीई-२०१८-१३३७९ ही त्रुटी घ्या. तिच्यातून लॉगिन न करताही व्हीपीएन वापरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड वाचता यायचे. पॅच २०१९ मध्ये आला. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांचे व्हीपीएन लॉगिन इंटरनेटवर फुटले, आणि त्यांत नंतर पॅच मारलेलीही होती. कारण पॅच मारला, पासवर्ड बदललेच नाहीत. म्हणून बाहेरून दिसणारी गंभीर त्रुटी सापडली की ‘बंद केली’ एवढ्यावर थांबू नका. ती किती महिने उघडी होती? तेवढ्या काळाचे लॉग (कोण कधी आलं याच्या नोंदी) आहेत का? अनोळखी देशातून कोणी लॉगिन केलंय का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. तुमची फायरवॉल सात दिवसांचेच लॉग ठेवत असेल तर लॉग साठवणारा एक सिसलॉग सर्व्हर उभा करा. जुना डेस्कटॉपसुद्धा चालतो.

आता आतली बाजू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कागदावर कसरत करा: अकाउंट्समधल्या एका ताईंनी ‘थकबाकीचं बिल’ म्हणून आलेली फाइल उघडली, त्यांचा कॉम्प्युटर गेला. आता त्या टेबलावरून कुठे कुठे जाता येतं? सगळी कंपनी एकाच सपाट, आत आडभिंती नसलेल्या नेटवर्कवर असेल, तर उत्तर ‘सगळीकडे’ असं आहे. आणि इथे पॅच अर्धंच काम करतो.

२७ जून २०१७ चा नॉटपेट्या हा व्हायरस आठवा. मार्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा जगभर बसल्या आणि आपल्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं, कंटेनर खोळंबले. ज्या विंडोज त्रुटीचा त्यात वापर झाला तिचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ लाच दिला होता, आणि मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगाला दणका देऊन झाला होता. पण नॉटपेट्याकडे दुसरी युक्तीही होती. एका मशीनवर शिरला की तिच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डानं पुढच्या, पूर्ण पॅच असलेल्या मशीनवर रीतसर लॉगिन करायचा. स्कॅनरला तिथे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दार फोडलंच नव्हतं, किल्लीनं उघडलं होतं.

म्हणून रिपोर्टमध्ये नसलेल्या या गोष्टी तुम्ही स्वतः तपासा. सगळ्या कॉम्प्युटरांवर लोकल ॲडमिनचा (त्या मशीनपुरत्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड एकच आहे का? तुमच्या आकाराच्या कंपनीत असतोच, कंपनीचं नाव आणि पुढे १२३. त्यावर मायक्रोसॉफ्टचं लॅप्स फुकट आहे, दर मशीनला वेगळा पासवर्ड ठेवतं आणि बदलत राहतं. एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच येतं. डोमेन ॲडमिननं, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर हुकूम चालणाऱ्या खात्यानं, लॉगिन करून तुम्ही लोकांच्या टेबलावरचे प्रिंटर बसवता का? ते आजपासून बंद, त्या कामाला वेगळं खातं करा. बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) डोमेनमध्ये जोडलेला आहे का? असेल तर डोमेन गेलं की बॅकअपही गेला. एक प्रत तरी अशी हवी जिला डोमेनचा ॲडमिन हात लावू शकत नाही, आणि ती परत चढवून बघितलेली हवी.

एक अनुभव सांगतो. एका कंपनीनं क्रिटिकल शून्य केल्याचा रिपोर्ट अभिमानानं दाखवला. खरोखर शून्य होतं, कष्टही दिसत होते. मी मीटिंग रूममध्ये लॅपटॉप लावला, त्यांनी साध्या कर्मचाऱ्याचं लॉगिन दिलं होतं, आणि चहा येईपर्यंत सगळ्या कॉम्प्युटरांचा ॲडमिन पासवर्ड माझ्या स्क्रीनवर होता. जुन्या ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या कॉम्प्युटरांना एकदम सेटिंग पाठवायच्या सोयीतून) तो पासवर्ड कोणीतरी कधीकाळी वाटला होता, आणि ती एक्सएमएल फाइल सिसव्हॉलमध्ये तशीच पडून होती. सिसव्हॉल हे डोमेन सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर, डोमेनमधला कोणीही ते वाचू शकतो. पासवर्ड कुलूपबंद असतो खरा, पण ते कुलूप उघडायची किल्ली मायक्रोसॉफ्टनं स्वतःच आपल्या कागदपत्रांत छापली होती. मे २०१४ च्या एमएस१४-०२५ या अपडेटनं असे नवे पासवर्ड ठेवणं बंद केलं, जुन्या फाइल मात्र काढल्या नाहीत. अपडेट आहे म्हणून सगळे निर्धास्त. आज संध्याकाळी सिसव्हॉलमध्ये ‘सीपासवर्ड’ (cpassword) हा शब्द शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

इथवरचा क्रम असा झाला: बाहेरून दिसणारं, मग केईव्हीशी जुळणारं, मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारे पासवर्ड आणि बॅकअप. बाकीचं महिन्याच्या नेहमीच्या पॅचिंगमध्ये टाका. स्वतः सही केलेली सर्टिफिकेटं, जुने टीएलएस (जोडणी कूटबद्ध करायची पद्धत) वगैरे आतल्या सर्व्हरवर असतील तर त्यांच्यावर या सहा आठवड्यांत वेळ घालवू नका. एसएनएमपीचा (उपकरणांवर नेटवर्कवरून नजर ठेवायच्या सोयीचा) ‘पब्लिक’ हा पासवर्ड आणि डीव्हीआर, स्विचवरचे बनवणाऱ्याकडूनच लागून आलेले पासवर्ड मात्र जाता जाता बदला.

आता एक्सपी. सीएनसीचा कंट्रोलर ही तुमची मशीन नाही, ती मशीन बनवणाऱ्याची आहे असं समजून वागा. तिच्यावर पॅच किंवा अँटिव्हायरस स्वतःहून घालू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला आहे, आणि घातल्यावर स्पिंडल अडला तर वॉरंटीवाला हात वर करेल. तिला नेटवर्कमध्ये एकटं पाडा. वेगळा व्हीलॅन (नेटवर्कमधला अलग कप्पा), इंटरनेट नाही, मेल नाही, ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून तिथे जाता येणार नाही. प्रोग्रॅम पाठवायला मधे एकच कॉम्प्युटर ठेवा आणि फाइल पाठवायचं ४४५ हे पोर्ट फक्त त्याच्यापुरतं उघडा. एक्सपीला फाइल शेअरिंगचा जुना एसएमबी-१ लागतोच, तो त्या बाजूला तेवढाच राहू दे, ऑफिसच्या बाजूला बंद. हे केलंत तरी एक वाट उरते, ऑपरेटरच्या खिशातला पेनड्राइव्ह. त्यासाठी सुपरवायझरला विश्वासात घ्या. नुसती यूएसबीची पोर्ट बंद केलीत तर रात्रपाळीत कोणीतरी उघडतोच, कारण त्याला पीस काढायचे असतात.

आणि शॉपफ्लोअरवर चालू शिफ्टमध्ये स्कॅन लावू देऊ नका. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या ८००-८२ या मार्गदर्शिकेत एक घटना दिली आहे: नेटवर्कवर नुसता पिंग (‘आहेस का’ अशी हाक) फिरवला आणि नऊ फुटी रोबोटचा हात अचानक जागा होऊन १८० अंशांत फिरला. खोलीतला माणूस त्याच्या टप्प्याबाहेर होता म्हणून वाचला. माझी फजिती त्यापुढे किरकोळ. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात मी पूर्ण रेंज स्कॅनला लावली आणि डिस्पॅचमधल्या लेबल प्रिंटरनं ९१०० पोर्टवर आलेलं सगळं इमानदारीनं छापायला घेतलं. लेबलांचा आख्खा रोल अगम्य अक्षरांनी भरला. डिस्पॅचचे काका रोल खांद्यावर टाकून आले आणि म्हणाले, “साहेब, हे कुठल्या गाडीत भरू?” तेव्हापासून मी प्रिंटर आणि कंट्रोलर यादीतून आधी वगळतो, मशीनवाल्याला विचारून साप्ताहिक सुट्टीला वेगळे तपासतो.

पेन टेस्ट आत्ता नको. अभ्यास न करता परीक्षेला बसण्यासारखं होईल, पैसे देऊन तेच ऐकाल जे वर लिहिलंय. तीन-चार महिन्यांनी करा, आणि करताना ‘बाहेरून प्रयत्न करा’ एवढंच काम देऊ नका. अकाउंट्समधलं एक टेबल आणि साधं लॉगिन द्या, आणि विचारा की इथून ईआरपीपर्यंत आणि बॅकअपपर्यंत पोचता का. ग्राहकाला सर्ट-इनच्या यादीतलीच संस्था चालणार असेल तर ते आधी विचारून घ्या.

एमडी आणि ग्राहक यांचं काय? ‘क्रिटिकल शून्य’ असं खोटं लिहू नका, एक्सपीमुळे ते होणारच नाही, आणि समोरचा ऑडिटर कारखाने बघून आलेला असतो. प्रत्येक गंभीर नोंदीपुढे चारपैकी एक उत्तर लिहा: दुरुस्त केली, चुकीची निघाली, वेगळी पाडून धोका कमी केला, किंवा अमुक तारखेपर्यंत स्वीकारली. शेवटच्या दोन प्रकारांखाली सही तुमची नको, एमडींची किंवा प्लँट हेडची हवी. मशीन बदलायचं की नाही हा पैशाचा निर्णय आहे, तो घेणाऱ्यानंच त्याखाली नाव लिहावं. सही करायची म्हटली की लोक नोंद वाचतात, आणि मग कधी कधी बजेटही निघतं. सहा आठवड्यांनी त्याच एजन्सीकडून, या वेळी लॉगिन देऊन, पुन्हा स्कॅन करा. आकडा आधीपेक्षा वाढलेला दिसेल, कारण आता आतलंही दिसतंय. एमडींना हे आजच सांगून ठेवा, त्या दिवशी नाही.

आणि हे सगळं वाचून उठण्याआधी एक करा. तो ४१२ पानी रिपोर्ट कॉमन ड्राइव्हवरून काढा. त्यात कुठल्या आयपीवर कुठलं दार सैल आहे ते पत्त्यासकट लिहिलेलं आहे, आणि अकाउंट्सच्या त्या कॉम्प्युटरवरून तो ड्राइव्ह उघडतो. पासवर्ड लावून दोघातिघांपुरता ठेवा, मेलवर कोणाकोणाला गेलाय ते बघा, आणि एजन्सीलाही विचारा की त्यांच्या लॅपटॉपवरची प्रत ते कधी पुसणार आहेत.